पहिली गोळी

मोंटानात एल्क आणि हरणांच्या शिकारीचा रायफल-हंगाम ऑक्टोबर सरता सरता सुरू होतो आणि थँक्सगिव्हिंगनंतरच्या रविवारी संपतो. जेमतेम पाच आठवडे. वर्षभर कपाटात पडून असलेल्या रायफली त्याआधीच्या पंधरवड्यात अचानक ‘बिघडलेल्या’ निघतात आणि बिटररूट खोऱ्यातल्या एका गनस्मिथच्या टेबलावर येऊन पडतात. दुकान म्हणजे घरामागची पत्र्याची शेड. एक लेथ, एक मिलिंग मशीन, दोन व्हाइस, भिंतीला ओळीने लावलेल्या कानशी आणि पटाशा. दाराशी एक जाड वही. दुकानात मुक्कामाला राहणाऱ्या प्रत्येक बंदुकीचा नंबर, मालकाचं नाव, आल्याची आणि गेल्याची तारीख तिच्यात लिहावीच लागते. १९६८च्या गन कंट्रोल कायद्याखाली परवाना घेतलेल्या माणसाला त्यातून सुटका नाही.

आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार हा विषय मिटला. तिथे तो चालू आहे आणि त्याला कायद्याची चौकटही आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार प्रत्येक नव्या रायफलीवर आणि काडतुसांच्या प्रत्येक खोक्यावर ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. शिकार करावी की करू नये हा वाद इथे घालायचा नाही. पण करायचीच असेल तर जनावर एका गोळीत पडावं, जखमी होऊन डोंगर ओलांडून जाऊ नये, यावर खोऱ्यातल्या सगळ्यांचं एकमत आहे. गनस्मिथचा धंदा त्या एका गोळीवर चालतो.

त्याचं वय आता साठीच्या पुढे. तो शिकला कोलोरॅडोतल्या ट्रिनिडाडच्या कॉलेजात. बंदुकीच्या कारागिरीचा अभ्यासक्रम तिथे १९४७मध्ये सुरू झाला आणि पी. ओ. अ‍ॅकली हा नामांकित नळी-कारागीर सुरुवातीच्या काळात तिथे शिकवत असे. या गनस्मिथला पहिले काही आठवडे बंदुकीला हातही लावू दिला नव्हता. लोखंडाचा एक ठोकळा द्यायचे आणि सांगायचे, कानशीने सहाही बाजू काटकोनात आण. पुण्या-कोल्हापुरातल्या कुठल्याही टूलरूममध्ये उमेदवारी केलेल्या माणसाला ही शिक्षा ओळखीची वाटेल. हिशेबही तोच, थाऊमध्ये. म्हणजे इंचाचा हजारावा भाग.

त्या पंधरवड्यात आलेली दोन गिऱ्हाइकं शेजारी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिली एक नर्स. वडिलांची रायफल घेऊन आली होती. विंचेस्टर मॉडेल ७०, काडतूस .२७०, १९५०च्या दशकातली. मॉडेल ७० बाजारात आलं १९३६मध्ये; .२७० हे काडतूस त्याच्याही आधीचं, १९२५चं. १९६४ साली कंपनीने खर्च वाचवण्यासाठी या रायफलीची रचना बदलली. काडतुसाची कड पकडून ते शेवटपर्यंत ताब्यात ठेवणारा मावझर पद्धतीचा लांब पंजा काढून टाकला आणि दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी जाऊन दाबून उठवलेली जाळी आली. जुन्या मालाला तेव्हापासून जो भाव चढला तो अजून उतरलेला नाही. गंमत अशी, की १९६४नंतरच्या कित्येक रायफली कागदावर जुन्यांइतकंच, कधी त्यांच्यापेक्षाही बरं मारतात. हातात घेतल्यावर मात्र त्या डोळ्यांत भरत नाहीत. लोकांनी कंपनीला माफ केलं नाही ते नेमावरून नव्हे, रूपावरून. आणि या धंद्यातल्या पुष्कळ निवडी अशाच होतात.

नर्सची तक्रार विचित्र होती. “कोरड्या दिवशी नेम बरोबर लागतो. पाऊस-बर्फात दोन दिवस फिरले की गोळी डावीकडे जाते.”

गनस्मिथने नळीचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट काढला, नळीत पाहिलं, दस्त्याला हात लावला आणि मग खिशातून एक डॉलरची नोट काढली. नळी आणि दस्त्याचा पुढचा भाग यांच्यामध्ये ती नोट सरकवत तो मागे यायला लागला. डावीकडून मोकळी गेली. उजवीकडे मध्यावर अडकली.

इथेच सगळं होतं. गोळी सुटताना नळी थरथरते. ती थरथर दर वेळी सारखीच झाली तर गोळी दर वेळी एकाच जागी जाते. लाकूड नळीला एका बाजूने टेकलं, आणि आज एवढं तर उद्या तेवढं टेकलं, की थरथर बदलते आणि गोळीही. अक्रोडाचं लाकूड कितीही जुनं असलं तरी ओल पितं. कोकणातल्या घराचं दार आषाढात चौकटीत अडकायला लागतं तसं ते फुगतं. या दस्त्याला बाहेरून सुरेख पॉलिश होतं, पण आतली पन्हाळी, जिथे नळी बसते ती, कोरडी आणि उघडी होती. ओल तिथूनच शिरत होती. त्यात भर म्हणजे या काळातल्या साध्या मॉडेल ७०ला दस्त्याच्या पुढच्या भागातून थेट नळीत जाणारा एक जादा स्क्रू असतो. कोणीतरी तो करकचून आवळला होता. म्हणजे लाकूड फुगलं की नळीला स्वतःबरोबर ओढणारच.

मधल्या स्क्रूचीही तीच कथा. बोल्ट ज्यात मागेपुढे सरकतो तो पोलादी भाग म्हणजे अ‍ॅक्शन. या रायफलीच्या अ‍ॅक्शनला खालून तीन स्क्रू असतात. पुढचा आणि मागचा घट्ट हवेत, मधला नुसता टेकलेला. मधला आवळला तर अ‍ॅक्शन मध्ये वाकते, अगदी काही थाऊ, पण वाकते. तिन्ही स्क्रू सारख्याच इमानाने पिळणारा मालक हे गनस्मिथच्या उत्पन्नाचं एक कायमचं साधन आहे.

दुर्बिणीच्या खालची पट्टी त्याने शेवटी तपासली आणि मागच्या दोन स्क्रूंपैकी एक बोटाने फिरला. त्याच्या दुकानात ‘नेम चुकतो’ म्हणून येणाऱ्या रायफलींमध्ये सर्वांत जास्त वेळा हेच सापडतं. म्हणून कानस किंवा पटाशी उचलण्याआधी तो सगळे स्क्रू पाहतो, मग दुर्बीण बदलून पाहतो, मग काडतुसं बदलून पाहतो. धातू कापण्याची पाळी त्यानंतर. एकदा कापलेला धातू परत येत नाही, हे त्याला ठोकळ्याच्या दिवसांपासून माहीत आहे.

“दस्ता बदलायचा का? फायबरचा बसवू?” नर्सने विचारलं. मनातून तिला नको होतं, हे दिसत होतं.

“कशाला? तुमच्या वडिलांनी यात काही चुकीचं घेतलेलं नाही. आत नीट बसवली की झालं.”

ते ‘नीट बसवणं’ म्हणजे बेडिंग. सगळ्या कारागिरीत सर्वांत कमी दिसणारं आणि सर्वांत जास्त फळ देणारं काम. अ‍ॅक्शनच्या पुढच्या टोकाला खाली एक जाड ठोकळा असतो, रिकॉइल लग. गोळीचा मागे येणारा धक्का त्याच्या मागच्या पृष्ठावरून दस्त्यात उतरतो. ते पृष्ठ लाकडाला पूर्ण टेकलं नसेल तर प्रत्येक धक्क्याला अ‍ॅक्शन किंचित सरकते आणि परत येताना त्याच जागी येईलच असं नाही. गनस्मिथने लगच्या मागचं थोडं लाकूड पटाशीने काढलं. लगच्या पुढच्या, खालच्या आणि दोन्ही बगलांच्या बाजूंवर टेपचा पदर चिकटवला, म्हणजे तिथे बारीक फट राहील आणि फक्त मागची बाजू टेकेल. स्क्रूची भोकं आणि चापाची जागा मुलांच्या खेळण्यातल्या चिकणमातीने बुजवली. मग सगळ्या धातूवर मेण, एकदा नव्हे, दोनदा. मेणाचा हात एका कोपऱ्यात फिरायचा राहिला तर इपॉक्सी धातूला धरतं, आणि मग दस्ता फोडल्याशिवाय रायफल सुटत नाही. इपॉक्सी कालवून भरलं, अ‍ॅक्शन हलकेच दाबून बसवली, कडेने वर आलेलं पुसून घेतलं आणि दिवसभर तिच्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी रबरी हातोडीच्या दोन ठोक्यांत अ‍ॅक्शन सुटली. आत लगचा आणि अ‍ॅक्शनच्या बुडाचा हुबेहूब ठसा. नळीची पन्हाळी त्याने दांड्याला गुंडाळलेल्या सँडपेपरने सगळीकडून सारखी मोकळी केली आणि आतून पातळ इपॉक्सीचा हात देऊन ओलीची वाट बंद केली. पुढचा जादा स्क्रू नुसता अडकवून ठेवला. मग परीक्षा: डायल गेज नळीला लावून, काटा दस्त्यावर टेकवून, पुढचा स्क्रू ढिला करायचा आणि परत आवळायचा. काटा पाच थाऊपेक्षा जास्त हलला तर अ‍ॅक्शन कुठेतरी ताणात आहे. इथे तो जेमतेम थरथरला. बाहेरून पाहणाऱ्याला रायफलीत काहीही बदललेलं दिसलं नसतं.

या भागात .२७० घेऊन येणाऱ्या माणसाला कधी ना कधी जॅक ओ’कॉनरची गोष्ट ऐकावी लागते. अ‍ॅरिझोनात पत्रकारितेचा प्राध्यापक असलेला हा माणूस पुढे ‘आउटडोअर लाइफ’ मासिकाचा बंदूकविषयक संपादक झाला आणि त्याने आयुष्यभर .२७०ची तरफदारी केली. १९४८पासून तो आयडाहोतल्या लुइस्टनला राहत होता. त्याची सर्वांत प्रसिद्ध रायफल म्हणजे त्याने गावातल्याच दुकानातून विकत घेतलेलं एक मॉडेल ७० फेदरवेट. ते त्याने स्पोकेनच्या अल बीसेन या कारागिराकडे दिलं. बीसेनने अक्रोडाचा नवा दस्ता घडवला आणि त्यावर बारीक जाळी कोरली. दुर्बीण होती चारपट मोठं दाखवणारी, साधी. एवढ्यावर ओ’कॉनर पहाडी मेंढ्यांच्या मागे डोंगरोडोंगर फिरला. लुइस्टनला आज त्याच्या नावाचं संग्रहालय आहे. आजच्या बाजारात चारपट दुर्बीण कोणी दाखवली तर तरुण गिऱ्हाईक हसेल.

मराठी वाचकाला बोल्ट-अ‍ॅक्शन रायफलीची ओळख बहुधा जिम कॉर्बेटमुळे असते. १९०७मध्ये चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी त्याला .२७५ रिग्बी भेट दिली. हे काडतूस म्हणजे जर्मन ७×५७ मावझरचंच इंग्रजी नाव, आणि रायफलीची अ‍ॅक्शनही मावझरची. मॉडेल ७०चा लांब पंजा त्याच घराण्यातला. काडतूस मध्यम, धक्का सोसवेल असा, आणि रायफल हाताच्या सवयीची. ओ’कॉनर आणि कॉर्बेट या दोघांत एवढं तरी समान होतं.

दुसरं गिऱ्हाईक याच्या अगदी उलट टोकाचं होतं. लाकडाच्या वखारीत काम करणारा पंचविशीतला तरुण. रायफल रेमिंग्टन ७००, काडतूस .३०० विंचेस्टर मॅग्नम, आणि खिशात एक यादी. जाड नळी. नळीच्या तोंडाला धक्का कमी करणारा ब्रेक. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा. पाच ते पंचवीस पट दुर्बीण. आणि चाप एक पौंडाचा, म्हणजे तेवढ्याशा ओढीने सुटणारा.

“आत्ता किती मारते ही?” गनस्मिथने विचारलं.

तरुणाने पाकिटातून कागदाचा एक तुकडा काढला. १०० यार्डांवर तीन गोळ्या, पाऊण इंचात. “ही तिची खरी ताकद. पण दर वेळी असं येत नाही.”

पाकिटात जपलेला असा कागद अमेरिकेतल्या दर दुसऱ्या शिकाऱ्याकडे असावा. तीन गोळ्यांचा गट हा मुख्यतः नशिबाचा खेळ आहे. संख्याशास्त्राचा साधा हिशेब असा, की एखादी रायफल तीन गोळ्यांचे गट सरासरी एक इंचात मारत असेल, तर तीच रायफल, तोच नेमबाज, पाच गोळ्यांचे गट सव्वा इंचाहून जरा मोठे आणि दहा गोळ्यांचे दीड इंचाहून मोठे मारणार. रायफल बिघडलेली नसते. गोळ्या वाढल्या की तिचं खरं पसरणं दिसू लागतं. पाऊण इंचाचा कागद जपणारा माणूस दहा कागद फेकून एक ठेवतो आणि उरलेल्या दहांचा दोष नळीला देतो.

दुकानामागच्या रेंजवर गनस्मिथने त्याला त्याच्याच रायफलीने गोळ्या झाडायला लावल्या. काडतुसं स्वतः भरून द्यायला लागला. मध्येच एक खोटं काडतूस सरकवलं, ज्यात बारूद नसते. तरुणाने चाप दाबला. बार झाला नाही, पण नळीचं तोंड चांगलं दोन बोटं खाली गेलं. धक्क्याच्या भीतीने खांदा आधीच पुढे झेपावला होता.

तरुण काही बोलला नाही. गनस्मिथही बोलला नाही. त्याने पुढचं काडतूस दिलं.

.३०० मॅग्नमचा धक्का तेवढ्याच वजनाच्या .२७०च्या जवळपास दीडपट असतो. हे काडतूस १९६३चं. लांब पल्ल्यावर त्याची गोळी सपाट जाते, यात वाद नाही. पण बिटररूटच्या उतारावर एल्क बहुधा दीडशे-दोनशे यार्डांवर दिसतो आणि तिथे .२७०ही पुरून उरते. ब्रेक बसवला तर धक्का खरंच कमी होतो, पण स्फोटाचा आवाज मागे फिरतो. शेजारी बसलेल्याच्या कानांचं काय होतं ते अनुभवी वाटाड्यांना विचारावं; त्यांच्यातले कित्येक जण ब्रेकवाली रायफल दिसली की कपाळाला आठ्या घालतात. आणि यादीतलं सगळं बसवलं असतं तर रायफल चौदा पौंडांच्या आसपास गेली असती. सहा हजार फुटांवर, बर्फात, पाठीवर.

चापाबद्दल गनस्मिथने वाद घातलाच नाही. एक पौंडाचा चाप तो शिकारीच्या रायफलीला बसवत नाही. थंडीत बोटं बधिर, त्यावर हातमोजा, श्वास लागलेला. अशा माणसाच्या हातात अडीच-तीन पौंडांखालचा चाप म्हणजे कोणाच्या तरी पायाला भोक. पण रायफल ७०० असल्यामुळे त्याने आधी तिचा नंबर पाहिला. १ मे २००६ ते ९ एप्रिल २०१४ या काळात बनलेल्या एक्स-मार्क प्रो चापाच्या रायफली कंपनीने २०१४मध्ये परत मागवल्या होत्या. जोडणीत जास्त लागलेल्या चिकट द्रव्यामुळे चाप न दाबता बार होण्याची शक्यता होती. ही त्याच्या आधीची निघाली.

मॉडेल ७०० १९६२चं. मूळ रचना माइक वॉकर या इंजिनिअरची, जो स्वतः बेंचरेस्टचा नेमबाज होता. बेंचरेस्ट म्हणजे टेबलावर रायफल टेकवून पाच किंवा दहा गोळ्या एकाच भोकातून घालवण्याची स्पर्धा. ७००ची अ‍ॅक्शन गोल, पोलादी सळईतून लेथवर कापता येईल अशी, म्हणून स्वस्त. लग वेगळा, जाड चकतीच्या रूपात नळी आणि अ‍ॅक्शनच्या मध्ये धरलेला. गोल असल्यामुळे लेथवर परत बांधून तिचं तोंड काटकोनात आणता येतं, बोल्टचे दोन्ही कान घासून सारखे टेकवता येतात, आटे पुन्हा सरळ करता येतात. या दुरुस्तीवर अमेरिकेत एक अख्खा धंदा उभा राहिला. हा गनस्मिथही ती करतो आणि पैसे घेतो. पण ज्या माणसाच्या नळीचं तोंड चाप दाबताना दोन बोटं खाली जातं, त्याला त्या कामाने काय मिळणार?

वाऱ्याचा हिशेब आणखी निर्दय आहे. ताशी दहा मैलांचा आडवा वारा .२७०च्या १३० ग्रेनच्या गोळीला ३०० यार्डांवर सहा-सात इंच ढकलतो. रायफल १०० यार्डांवर एका इंचाऐवजी अर्ध्या इंचात मारू लागली तर त्या पल्ल्यावर दीड इंच वाचतं. वारा दहाऐवजी तेरा मैलांचा निघाला की ते दीड इंच गेलं. म्हणून गट लहान करण्यावर आधी पैसे घालणाऱ्याकडे गनस्मिथ जरा संशयाने पाहतो. तेच पैसे काडतुसांवर आणि सरावावर घालावेत, असं त्याचं म्हणणं. गिऱ्हाइकाला असं सांगणारा दुकानदार फारसा श्रीमंत होत नाही, आणि हा झालेला नाही.

रायफल निवडताना मात्र एका गोष्टीकडे तो बारीक पाहतो, आणि गिऱ्हाईक नेमकं तिकडेच पाहत नाही: गोळीला फिरवणाऱ्या, नळीतल्या आट्यांचा पीळ. १९५५ साली विंचेस्टरने .२४३ आणि रेमिंग्टनने .२४४ ही दोन काडतुसं आणली. गोळीची जाडी एकच, ताकद जवळपास एकच. विंचेस्टरने १० इंचांना एक फेरा असा पीळ ठेवला, म्हणून हरणासाठी लागणारी १०० ग्रेनची लांब गोळी त्यात स्थिर जाते. रेमिंग्टनला वाटलं, लोक हे काडतूस लहान जनावरांसाठी आणि हलक्या गोळ्यांसाठी घेतील. त्यांनी १२ इंचांना एक फेरा ठेवला. लोकांना एकाच रायफलीत दोन्ही हवं होतं. .२४३ जगभर गेली. .२४४ पडली. १९६३मध्ये रेमिंग्टनने तेच काडतूस ६ एमएम रेमिंग्टन या नावाने ९ इंचांच्या पिळासह पुन्हा आणलं, पण वेळ निघून गेली होती. तीन इंचांचा फरक, तोही आतून, डोळ्यांना न दिसणारा.

नळी दस्त्याला कुठेही टेकता कामा नये, हा नियम आता इतका रूढ झालाय की तो धर्म वाटतो. पण १९८०च्या दशकात वेस्ट व्हर्जिनियाच्या मेल्विन फोर्ब्सने अल्ट्रा लाइट आर्म्सच्या रायफली नेमक्या उलट बांधल्या. नळी टोकापर्यंत दस्त्यात पूर्ण टेकवलेली, कुठेही फट नाही. त्याचा दस्ता केवलार आणि ग्रॅफाइटचा, न फुगणारा, न वाकणारा. म्हणून टेकणं रोज सारखंच. दुर्बिणीसकट सहा पौंडांच्या आसपासच्या त्या रायफली बारीक नळी असूनही उत्तम मारत. गनस्मिथ फोर्ब्सचं नाव आदराने घेतो. मोकळी नळी काय नि पूर्ण टेकलेली काय, त्याला दोन्ही चालतात. आज टेकलेली आणि उद्या सुटलेली मात्र चालत नाही.

आणि हेही मान्य करायला हवं, की आता कारखानेच हे काम करून देतात. फिनलंडची टिका टी३ २००३मध्ये आली, रुगर अमेरिकन २०१२मध्ये. दोन्ही दिसायला रूक्ष. लाकूड नाही, कोरीव काम नाही, रुगरचा दस्ता तर हातात घेतला की पोकळ वाजतो. पण खोक्यातून काढून चांगली काडतुसं घातली की त्यांच्यातल्या बहुतेक इंच-सव्वा इंचाच्या आत मारतात. सॅव्हेजच्या रायफलीची नळी एका मोठ्या नटाने धरलेली असते, त्यामुळे ती लेथशिवायही बदलता येते. चाळीस वर्षांपूर्वी ज्या कामासाठी गनस्मिथकडे महिनोन्महिने रांग लागायची, त्यातलं अर्धंअधिक आता कारखान्याच्या मशीनवर उरकतं. त्याच्याकडे उरलं आहे ते जुन्या रायफली सांभाळण्याचं आणि नव्या मालकांना थोपवून धरण्याचं काम.

तरुणाच्या रायफलीला शेवटी त्याने तीनच गोष्टी केल्या. अ‍ॅल्युमिनियमचे खांब घालून बेडिंग केलं आणि दोन्ही स्क्रू टॉर्कच्या पान्याने ६५ इंच-पौंडांवर आवळले. चाप बदलून तीन पौंडांवर बसवला. नळीच्या तोंडावरून कापूस फिरवला, तर तो एका जागी अडकला. तिथे बारीक कंगोरा होता, म्हणून तोंड लेथवर पुन्हा कापलं. गोळी नळीला शेवटचा स्पर्श करते ती ही कड, आणि ती एका बाजूने वर असेल तर मागून सुटणारा वायू गोळीला तिरकं ढकलतो. मग तीन वेगवेगळ्या कंपन्यांची काडतुसं दिली. एक खोकं अडीच इंच पसरलं, एक पावणेदोन, आणि सर्वांत स्वस्त होतं ते सव्वा इंचात आलं. का, हे कोणी सांगू शकत नाही. प्रत्येक नळीची आवड वेगळी, आणि ती झाडून पाहिल्याशिवाय कळत नाही.

दोन्ही गिऱ्हाइकांना त्याने एकच गृहपाठ दिला. एक कागद लावायचा. रोज सकाळी, थंड नळीतून, एकच गोळी झाडायची आणि घरी जायचं. दुसऱ्या दिवशी त्याच कागदावर पुढची. शिकाऱ्याला जंगलात मिळते ती हीच गोळी. नळी तापवून लहान केलेला गट तिथे कामाला येत नाही. आणि हंगामाच्या आदल्या रात्री नळी तेल लावून चकचकीत करायची नाही. साफ, तेलकट नळीतली पहिली गोळी पुष्कळदा पुढच्या गोळ्यांपासून दूर जाते. साफसफाई करायची असेल तर आधी करा, मग दोन-तीन गोळ्या झाडून नळी पुन्हा मळवून ठेवा.

नर्सचा कागद आठवड्याने आला. मधल्या दिवसांत पाऊसही होऊन गेला होता. गोळ्या सगळ्या दीड इंचाच्या आत, डावीकडे एकही नाही. तिने कामाचे पैसे दिले, गनस्मिथने वहीत तारीख घातली.

तरुणाच्या कागदावर गोळ्या अडीच इंचांत होत्या. पहिल्या दोन खाली, नंतरच्या वर आणि एकमेकींच्या जवळ. खांदा हळूहळू शांत होत होता. तरी नव्या नळीचा किडा डोक्यातून गेला नव्हता.

“नळी हवीच असेल तर जानेवारीत ये,” गनस्मिथ म्हणाला. “इथून जवळच प्लेन्समध्ये लिला कंपनीच्या नळ्या बनतात, पण आज ऑर्डर दिली तरी हंगामाआधी हातात येत नाही. आणि येताना .३०० ठेवायची की .२७०वर यायचं, ते पक्कं करून ये.”

“नुसती नळी बदलून .२७० होत नाही?”

“मॅग्नमच्या बोल्टचं तोंड ५३२ थाऊचं. .२७०चं बूड ४७३. बोल्टही दुसरा लागेल. त्याचे पैसे वेगळे.”